हरकतदार सर

सुप्यात मला खोली मिळाली ती शिट्टीच्या अटीवर. भाडं किती, पाणी केव्हा येतं, गॅलरीत कपडे वाळत घातले तर चालतील का, यातलं काही सरांनी मला विचारूच दिलं नाही. पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, खडू घासून पांढरे ठेवलेले कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी, अशा थाटात ते ओट्यावर उभे होते.

"मी पहाटं शिट्टी मारतो," ते म्हणाले. "रोज. रविवारी बी. आधीचे भाडेकरू त्यापायीच गेले. तुला चालत असंल तर सामान आन, न्हाई तर रस्ता सरळ हाय, एसटी मिळंल."

"चालेल," मी म्हटलं.

"चालेल न्हाई. पाहिजे म्हन. चालेल म्हननारी मानसं आठ दिसांत पळत्यात."

"पाहिजे," मी म्हटलं, आणि सामान आणायला गेले.

सर पूर्वी शाळेत पीटी शिकवायचे. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते शाळेला कळलं होतं, सरांना कळलं नव्हतं. एसटीच्या थांब्यावर ते उभे राहिले की पाच मिनिटांत तिथं रांग लागलेली असायची. रांगेत बायका पुढे, सामानवाले मागे, आणि सर स्वतः सगळ्यात शेवटी. बस आली की कंडक्टर आधी सरांकडे बघायचा, मग दार उघडायचा. पाण्याच्या टँकरला सुद्धा वस्तीत भांडण होत नसे. सर हंड्यांची उंचीनुसार रांग लावायचे. मोठा हंडा मागे, छोटी कळशी पुढे. "का?" असं एकदा एका बाईनं विचारलं तर म्हणाले, "कवायतीत असंच असतं." त्या उत्तराला पुढे प्रश्न नव्हता.

ही आमची वस्ती म्हणजे पुणे-नगर रस्त्यापासून जरा आत, एमआयडीसीच्या कडेला, पंचवीसेक घरं. त्यातलं पहिलं घर सरांचं. त्यांच्या भावकीत तोवर कुणी गावातली बौद्ध वस्ती सोडून माळावर प्लॉट घेऊन घर बांधलं नव्हतं. सरांनी बांधलं, पुढच्या खोलीत कोनाड्यात बुद्धाची मूर्ती बसवली, आणि मग त्यांच्या मागून एकेक जण आला. भावकीतली दोन-चार घरं, मग कारखान्यात कामाला असलेली मराठ्यांची पोरं, एक मेकॅनिक, एक बिहारी वेल्डर. सगळे सरांच्या शिट्टीवर चालायचे. एक शिट्टी म्हणजे उठा. दुसरी लांब शिट्टी म्हणजे कंपनीची बस कोपऱ्यावर दिसली, पळा.

सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मात्र ही कवायत लागू नव्हती. सर बाहेरून ओरडायचे, "चहा!" आतून आवाज यायचा, "सैपाकघर हाय हे, मैदान न्हाई." मग सर आत जाऊन हळू आवाजात विचारायचे, "चहा मिळंल का गं?"

मी मूळची अकोल्याची. हे सांगितलं की लोक विदर्भात शिरतात, म्हणून मी लगेच पुढे जोडलं, "आपल्याच जिल्ह्यातलं अकोले, भंडारदऱ्याकडचं."

"म्हंजी भात खानारी," सर म्हणाले. त्यांचा तो एक सिद्धांतच होता. भात खाणारा माणूस लवकर हो म्हणतो. बाजरी खाणारा आधी चावतो, मग बोलतो. मी 'चालेल' म्हटलं होतं ते त्यांनी मनात धरलं होतं. त्या दिवसापासून काकू मला रोज संध्याकाळी एक भाकरी द्यायला लागल्या. माझा स्वभाव सुधारावा म्हणून.

नोकरीबद्दल मी 'गॅस कंपनीत' एवढंच म्हटलं होतं, आणि सरांनी समजूत करून घेतली होती की आता आपली टाकी वेळेवर येत जाईल. खरं म्हणजे माझी कंपनी ट्रकसाठी बायोगॅसचे पंप उभारत होती. साखर कारखान्याच्या मळीपासून आणि शेणापासून गॅस करायचा, तो मोठ्या नळकांड्यांत भरून आणायचा आणि डिझेलऐवजी ट्रकमध्ये घालायचा. धूर कमी, हवेला त्रास कमी. परवानग्या मिळवणं हे माझं काम. जागा कुठली हे मी रुजू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात मला कळलं. वस्तीसमोरचा मोकळा माळ. माझ्या खिडकीतून दिसायचा तो.

मी सरांना सांगणारच होते, पण त्याआधी पेपरात जाहीर नोटीस आली. कुणाची हरकत असल्यास कळवावी. सकाळी दारावर टकटक झाली. सर पेपर घेऊन उभे.

"हे तूच काय?"

"मी नाही सर, कंपनी."

"कंपनीला हातपाय असत्यात व्हय? तूच." त्यांनी पेपराची घडी घातली. मला वाटलं, आता सामान बांधायचं. पण सर जिन्यावर बसले आणि म्हणाले, "हे बग. भाडेकरू येगळा, पार्टी येगळी. पंपाचं काय बी बोलायचं असंल तर समोरच्या दारानं यायचं, घंटी वाजवायची. भाकरीला यायचं असंल तर मागल्या दारानं. मागल्या दारात पंप न्हाई, समोरच्या दारात भाकरी न्हाई. जमंल?"

मी 'चालेल' म्हणता म्हणता थांबले. "जमेल," म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी समोर जाऊन घंटी वाजवली. मी जिन्यावरून उतरताना सरांनी मला पाहिलं होतं, तरी घंटी वाजेपर्यंत ते हलले नाहीत. मग दार उघडलं आणि सरांनी मला आयुष्यात पहिल्यांदा 'आपण' म्हटलं.

"आपण कोण? काय काम काढलंत?"

समोरच्या दारात सरांची भाषाच बदलायची. 'हाय' जाऊन 'आहे' यायचं, 'न्हाई'चं 'नाही' व्हायचं, शाळेत पाहुणे आल्यावर बोलायचे तसं. मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "पिठलं करू का शेपू?"

"अगं, या पार्टी आहेत," सर म्हणाले. "शेपू मागच्या दारी."

मी टेबलावर नकाशा उघडला. पंप कुठे, गेट कुठे, गॅस दाबून भरणारं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, कुठे, सगळं दाखवलं. सरांनी शिट्टीच्या दोरीला धरून नकाशावरून नजर फिरवली आणि गेटच्या समोर बोट ठेवलं.

"इथं आम्ही राहतो."

"हो सर."

"इथं लिहिलंय 'पडीक'."

मी वाकून पाहिलं. खरंच. आमच्या पुण्याच्या ऑफिसनं कुठला तरी जुना नकाशा उचलला होता, वस्ती बसायच्या आधीचा. सरांचं घर, मेकॅनिकचं घर, वेल्डरचं घर, माझी खिडकी, सगळं पडीक. आणि पडीक म्हटल्यावर घरांपासून अंतर किती सोडायचं, गेट कुणाच्या तोंडासमोर येतं, हे प्रश्नच उरत नव्हते. ट्रक वळून थेट वस्तीच्या बोळाच्या तोंडाशी येणार होते. त्याच बोळातून पोरं शाळेला जायची.

"मॅडम," सर म्हणाले, "मैदानात मी उभा आहे, आणि हजेरीत माझं नावच नाही, तर मी हजर का गैरहजर?"

मी 'पडीक'भोवती पेन्सिलीनं गोल काढला.

"हरकत म्हणजे भांडण नव्हे. हरकत म्हणजे हजेरी. आम्ही इथं राहतो, एवढंच सांगायचं असतं. या आता."

रात्रीच्या जेवणाला मी मागल्या दारानं गेले. सर ताट वाढून बसले होते. "पोरी, मगाशी लई चढ्या आवाजात बोललो का?"

"नाही सर."

"ती तिकडची भाषा हाय. मनावर घिऊ नको. शेपू खा."

सरांची लेखी हरकत गेल्यापासून पुण्याचे साहेब फोनवर एकच वाक्य बोलायचे, "त्या म्हाताऱ्याला मॅनेज करा." मी सांगायचे की म्हाताऱ्याला काही नको आहे, त्याला नकाशात यायचंय. साहेबांना ते पटत नसे. ज्या माणसाला काही नको असतं तो साहेबांना धोकादायक वाटायचा. त्यांनी ड्रायव्हरच्या हाती पेढ्यांचा मोठा बॉक्स पाठवला. सर घरी नव्हते, काकूंनी उघडला. दुसऱ्या दिवशी सरांनी मला समोरच्या दारी बोलावून बॉक्स परत दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "यातला एक पेढा आमच्या घरात खाल्ला गेला आहे. तो आपण मागच्या दारी खाल्ला असं धरावं." काकू आतून ओरडल्या, "एक न्हाई, दोन!"

वस्तीत मुख्य भीती वासाची होती. शेणाचा गॅस म्हटल्यावर बायकांनी नाकाला पदर लावूनच चर्चा सुरू केली. म्हणून मी एक जीप केली आणि सरांना, काकूंना नि आणखी चार बायकांना एका साखर कारखान्याशेजारचा आमचा प्लांट दाखवायला नेलं. सरांनी तिथं प्रत्येक टाकीपाशी उभं राहून छाती भरून श्वास घेतला, प्राणायामासारखा. मळीच्या ढिगापाशी त्यांना ठसका लागला. गॅस भरतात तिथं मात्र काहीच जाणवलं नाही. ते बेचैन झाले. पुन्हा गेले, पुन्हा हुंगलं.

"वास येत न्हाई," बायका खूश होऊन म्हणाल्या.

"तेच तर," सर म्हणाले. "गळला तर कळायचं कसं?"

तिथल्या इंजिनिअरनं सांगितलं की पंपावर देताना त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळतात, घरच्या टाकीसारखाच, गळती कळावी म्हणून. सर विचारात पडले. परत येताना जीपमध्ये ते बायकांना म्हणाले, "म्हंजी वास आला तर हरकत, आन न्हाई आला तर लई मोठी हरकत." मग वासाचा मुद्दा त्यांनी स्वतःच सोडून दिला. सोडला म्हणजे जाहीरपणे सोडला, ओट्यावर सगळ्यांना बोलावून. "या बाबतीत कंपनीचं बरोबर हाय," म्हणाले. साहेबांना मी हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, "आता याच्यात काय डाव असेल?"

राहिला आवाज. कॉम्प्रेसर किती आवाज करील हे ठरवायचं तर आधी वस्तीत मुळात किती आवाज आहे ते मोजावं लागतं. त्यासाठी पुण्याहून एक मुलगा यंत्र घेऊन आला. सगळ्यात शांत वेळ हवी म्हणून पहाटेच येऊन त्यानं वस्तीच्या तोंडाशी तिपाईवर यंत्र लावलं आणि कानात हेडफोन घालून डोळे मिटून उभा राहिला. मी बाजूला होते. मला एकदम आठवलं. मी "अहो, एक मिनिट" म्हणेपर्यंत सर ओट्यावर आले होते.

शिट्टी वाजली. मुलानं कानातलं ओढून फेकलं आणि खाली बसला. त्याला वाटलं, काही तरी फुटलं.

त्याच्या रिपोर्टात वस्तीतला सर्वांत मोठा आवाज म्हणून त्या शिट्टीची नोंद झाली. महामार्गावरचे ट्रक तिच्या खाली होते. साहेब इतके आनंदले की त्यांनी मला पहिल्यांदाच 'शाब्बास' म्हटलं. "हरकत घेणाराच एवढा आवाज करतो! आता आपला कॉम्प्रेसर म्हणजे काय, बासरी."

हे सरांना सांगायचं काम माझं. मी समोरच्या दाराची घंटी वाजवली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्यांनी गळ्यातली दोरी काढली, शिट्टी मूर्तीशेजारी कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "आपलं म्हणणं रास्त आहे. परत मोजा. तोवर ही वाजणार नाही."

पुढचे दिवस वस्तीनं जे भोगलं ते सांगता येत नाही. कुणाला जागच येईना. मोबाईलचे अलार्म होते, पण ते बंद करून झोपता यायचं, सरांना बंद करून झोपता यायचं नाही. कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवून निघून जायची आणि मागून पोरं एका पायात बूट घालून धावायची. मेकॅनिकच्या बायकोचं दूध रोज उतू गेलं, कारण दुसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायची तिला सवय होती. वेल्डरला सुपरवायझरनं घरी पाठवलं. सर मात्र पहाटे ठरल्या वेळी उठून, बूट घालून, ओट्यावर हात मागे बांधून उभे राहायचे. बस यायची, दिसायची, निघून जायची. त्यांच्या तोंडाचा नुसता चंबू व्हायचा. काकू म्हणाल्या, "ह्यांचं ब्लड प्रेशर वाढलंय. पोटात शिट्टी अडकलीया."

शेवटी एका संध्याकाळी वस्तीतली माणसं जमून आली. मागल्या दारानं येणारी माणसं ती, पण त्या दिवशी समोर येऊन रीतसर घंटी वाजवली. वेल्डर पुढे झाला. "सर, हमारा हरकत है."

"कशाला?"

"शिट्टी न वाजण्याला," मेकॅनिकची बायको म्हणाली.

सरांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, एकेकाचं म्हणणं ऐकलं, मध्ये कुणाला बोलू दिलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "हरकत मान्य आहे. पण आधी मोजणी होऊ दे." मी दुसऱ्याच दिवशी त्या मुलाला परत बोलावलं. तो कापूस घेऊन आला. पहाटे वस्ती इतकी शांत होती की यंत्रात एका कोंबड्याचा आवाज वेगळा ओळखू आला. मोजणी संपली, मुलानं मान हलवली, आणि सर आत जाऊन शिट्टी घेऊन आले. त्या शिट्टीला लोकांनी अंथरुणातून टाळ्या वाजवल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या.

मग आली स्थळपाहणी. नायब तहसीलदार म्हणून एक बाई आल्या, उन्हानं वैतागलेल्या, हातात आमचाच नकाशा. साहेब पुण्याहून गॉगल लावून आले. तोवर मी साहेबांना तीनदा लिहून कळवलं होतं की नकाशा बदला. ते म्हणायचे, "त्यांनी विचारलं तर बदलू." मी कंपनीच्या बाजूला, साहेबांच्या मागे उभी होते. माळावर छत्री नाही की झाड नाही. बाई घाई करत होत्या.

"हरकतदार कोण?"

"मी," सर पुढे आले. बूट ताजे पांढरे केलेले. "मॅडम, आपल्या हातातल्या नकाशात एक जागा रिकामी आहे. परवानगी असेल तर भरून दाखवतो."

बाईंना वाटलं, सर पेन मागतायत. त्यांनी पेन पुढे केलं. सरांनी नम्रपणे ते नाकारलं, वळले आणि शिट्टी मारली.

वस्तीतली सगळी दारं उघडली. प्रत्येक घरातली माणसं बाहेर येऊन आपापल्या दारासमोर उभी राहिली, लहान पुढे, मोठी मागे. कारखान्यांच्या सुट्टीचा वार होता, तिथली पोरंही होती. माळाच्या कडेनं, रस्त्याच्या अलीकडे, जिथं नकाशात पांढरा कागद होता तिथं ती सगळी रांग लागली.

"वस्ती, दक्ष!" सर ओरडले. "उजवीकडून मोजत चला!"

"एक!" "दोन!" "तीन!" आवाज पुढे सरकायला लागला. वेल्डरनं त्याचा आकडा हिंदीत म्हटला. मेकॅनिकच्या बायकोनं कडेवरच्या बाळाचा वेगळा म्हटला. एका आजींपाशी गाडी अडली. त्यांना कमी ऐकू यायचं.

"आजी, आकडा सांगा!"

"न्हाई सांगनार," आजी म्हणाल्या. "बाईमानसाला वय इचारत्यात व्हय?"

नायब तहसीलदार बाई हसल्या. उन्हानं चढलेला त्यांचा पारा तिथंच उतरला. शेजारच्या पोरानं आजींचा आकडा म्हटला आणि मोजणी पुढे गेली, शेवटच्या घरापर्यंत, म्हणजे सरांच्या. काकू ओट्यावर पदर खोचून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरांची कवायत पाळली. त्यांनी आकडा म्हटला आणि रांग संपली.

सर माझ्याकडे वळले नाहीत. समोर बघत, त्यांच्या त्या समोरच्या दाराच्या भाषेत म्हणाले, "वरच्या खोलीत एक व्यक्ती राहते. ती गैरहजर आहे काय?"

साहेब ओठ न हलवता म्हणाले, "हलू नका."

मला आजही सांगता येत नाही की मी काय विचार केला. बहुतेक काहीच नाही. नोकरी नवी होती, घरी भाताची दोनच खाचरं होती आणि धाकटी बहीण शिकत होती, हे सगळं खरं. पण मी त्या खोलीत राहत होते हेही खरंच होतं, आणि कुणी तरी मोठ्यानं विचारलं होतं. मी साहेबांच्या मागून निघाले, माळ ओलांडला, काकूंच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि काकूंच्या पुढचा आकडा म्हटला. आवाज इतका बारीक निघाला की सर ओरडले, "मोठ्यानं! भात खाल्ला का आज?"

मी पुन्हा म्हटला. मोठ्यानं.

बाईंनी नकाशा साहेबांसमोर धरला. "ही तुमच्या कंपनीची मुलगी ना? पडीक जमिनीत राहते का?"

साहेबांनी गॉगल काढला आणि पुन्हा लावला. दुसरं त्यांना काही करता आलं नाही.

पंप झाला. तो व्हायचाच होता, आणि सरांनी तो होऊ नये असं कधी म्हटलंही नव्हतं. नवा नकाशा आला, त्यात घरं आली. गेट वस्तीकडून काढून महामार्गाच्या बाजूला फिरवलं. कॉम्प्रेसर बंद खोलीत गेला, मध्ये भिंत आली, भिंतीच्या अलीकडे कडुलिंब लावले. निकाल आला त्या दिवशी वस्तीतली पोरं म्हणाली, "सर, आपन हरलो का जिकलो?" सर म्हणाले, "पीटीत हारजीत नसते. घाम आला का? मग झालं."

साहेबांनी मला संगमनेरच्या नव्या जागेवर पाठवलं. शिक्षा म्हणून की बढती म्हणून ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पगार तोच राहिला. निघताना काकू रडल्या. सर माझी ट्रंक घेऊन थांब्यापर्यंत आले, रांगेत माझा नंबर लावला आणि बस सुटेपर्यंत मला प्रवासात डावीकडच्या खिडकीत का बसावं यावर बोलत राहिले.

पंपाच्या उद्घाटनाला कंपनीनं त्यांना हार घालायचं ठरवलं होतं. ते गेले नाहीत. "हरकतदारानं हार घ्यायचा नसतो," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आपण होऊन गेले. गॅस भरायला थांबलेला एक तमिळ ड्रायव्हर नळाखाली वाकून तोंड धूत होता. सरांनी चौकशी केली तर पंपावर ड्रायव्हरांना अंघोळीची सोय नव्हती, आणि दुसरीही नव्हती. सर तडक घरी आले आणि कंपनीविरुद्ध नवी तक्रार लिहायला बसले, या वेळी ट्रकवाल्यांच्या वतीनं. ज्या ट्रकांना वस्तीपासून लांब ठेवायला त्यांनी एवढं केलं, त्यांचेच ड्रायव्हर आता पाळीपाळीनं त्यांच्या मोरीत अंघोळ करायचे. काकू फोनवर मला म्हणाल्या, "भाषा कळत न्हाई एकाची. पन तुझे सर त्यांना बी रांगेत उबं करत्यात."

या गोष्टीला काही महिने झाले. संगमनेरच्या जागेची नोटीस निघाली आणि सरांचा फोन आला. आधी काकूंची तब्येत, मग कडुलिंबांची, मग एकदम, "तिकडं हरकत घ्यायला कोन हाय?"

"अजून कुणाचीच आली नाही, सर."

"कुनीच न्हाई? घरं न्हाईत का तिथं?"

"आहेत की. दोन मळे आहेत आणि वीटभट्टीवाल्यांच्या झोपड्या."

"त्यांना म्हाईत हाय का?"

"पेपरात नोटीस दिली आहे."

"वीटभट्टीवाले पेपर वाचत्यात का?"

"नाही, सर," मी म्हटलं. सरांनी फोन ठेवला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी फोन आला तो संगमनेरच्या स्टँडवरून. मी धावत गेले. सर रिक्षावाल्यांची रांग लावत होते आणि काकू बाकावर भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चहा नको म्हणाले, आधी जागा दाखव म्हणाले. मी रिक्षात दोघांना बसवलं आणि नाशिक रस्त्यानं घेऊन गेले.

वीटभट्टीवर एक बाई चिखल तुडवत होती. आम्हाला बघून ती बाहेर आली, पदरानं हात पुसले आणि संशयानं एकेकाकडे बघितलं. माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, शेजारी पांढऱ्या बुटातले सर.

"तुमी दोघं कंपनीची का?" तिनं विचारलं.

"ही कंपनीची," सर म्हणाले, "आन मी हरकतीचा. रिक्षा एकच केली."